सार्वजनिक वाय-फायचा उंबरठा : सुरक्षिततेच्या दोन कल्पना

मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये मोफत वाय-फायची सेवा सुरू झाली. तेव्हापासून देशातील लक्षावधी प्रवाशांनी एक छोटासा विधी पुनःपुन्हा पार पाडला आहे. मोबाइलच्या पडद्यावर आसपासच्या जाळ्यांची यादी उघडावयाची, तीतून स्थानकाच्या जाळ्याचे नाव निवडावयाचे, समोर येणाऱ्या पानावर आपला दहा आकडी क्रमांक लिहावयाचा, आणि संदेशाने आलेला ओटीपी भरून आत प्रवेश करावयाचा. हा विधी आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यालाही काही इतिहास असेल, अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. क्रमांक मागितला जातो तो आपल्याच सुरक्षिततेसाठी, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. ओटीपीची ही तपासणी वापरणारा कोण होता हे राज्यसंस्थेस मागाहून शोधून काढता यावे म्हणून निर्माण झाली. आणि तिचा उगम सन २००८ च्या उत्तरार्धात मुंबई आणि नवी मुंबई येथे घडलेल्या काही घटनांत आहे. वापरणाऱ्याचे चोरट्या कानांपासून रक्षण ही निराळी गोष्ट. तिचा इतिहासही निराळा, आणि तो बव्हंशी परदेशांत घडला. या दोन सुरक्षितता एकाच शब्दाने ओळखल्या गेल्यामुळे व्यवहारात जो घोटाळा झाला, तो अद्यापि पुरता निस्तरलेला नाही.

विषयाच्या आरंभी थोडी पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे. बिनतारी लहरींचा वापर हा प्रथमपासून परवान्याचा विषय होता. भारतात १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी ही चौकट घालून दिली. घरी रेडिओ ऐकावयाचा तरी त्याचा परवाना टपाल कचेरीतून घ्यावा लागे, ही गोष्ट जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. या परंपरेस पहिला मोठा छेद अमेरिकेत गेला. तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने मे १९८५ मध्ये लहरींचे तीन पट्टे विनापरवाना दळणवळणासाठी खुले केले. त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा तोपर्यंत मायक्रोवेव्ह भट्ट्या आणि तत्सम यंत्रे यांच्याकडे सोडलेला, दळणवळणाच्या दृष्टीने जवळजवळ टाकाऊ समजला जाणारा होता. याच टाकाऊ पट्ट्यावर पुढे ८०२.११ हे प्रमाण १९९७ मध्ये सिद्ध झाले. १९९९ मध्ये त्याची वेगवान आवृत्ती निघाली आणि ‘वाय-फाय’ हे नावही त्याच सुमारास रूढ झाले. भारतात हा पट्टा घराबाहेरील वापरासह सर्वांस विनापरवाना वापरण्याची मुभा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने मिळाली. म्हणजे लहरी मोकळ्या झाल्या, आणि त्यानंतर चारच वर्षांनी त्यांच्या दाराशी ओळखीचा पहारा बसला. हा पहारा का बसला हे समजण्यासाठी मधल्या चार वर्षांकडे, आणि तत्पूर्वी पश्चिमेत काय चालले होते तिकडे, पाहावे लागते.

शतकाच्या आरंभीच्या काळात युरोप-अमेरिकेत उघडे जाळे ही औदार्याची खूण मानली जात असे. लंडनमध्ये ‘कन्झ्यूम’ आणि न्यू यॉर्कमध्ये ‘एनवायसीवायरलेस’ या नावांच्या मंडळ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपली जोडणी परस्परांस वापरू द्यावी असा प्रचार केला. अशी जाळी शोधण्याचे प्रश्नही तेव्हा वेगळे होते. मोटारीत संगणक घेऊन गल्लोगल्ली हिंडणे आणि लागतील त्या जाळ्यांची नोंद करणे हा हौशी लोकांचा उद्योग झाला होता. जून २००२ मध्ये लंडनच्या मॅट जोन्स याने तर भिंतींवर आणि पदपथांवर खडूने काढावयाच्या खुणांची एक लिपीच सुचविली. पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळे म्हणजे उघडे जाळे, पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद जाळे, आणि वर्तुळात इंग्रजी डब्ल्यू म्हणजे कुलूप लावलेले जाळे. आर्थिक मंदीच्या काळात अमेरिकेतील भटके मजूर एकमेकांसाठी खुणा सोडीत असत, त्या प्रथेवरून ही कल्पना घेतली होती. वृत्तपत्रांतून तिचा गवगवा पुष्कळ झाला. प्रत्यक्षात खडू हाती घेणारे थोडेच निघाले असावेत. तथापि त्या काळच्या मनोवृत्तीचे प्रतिबिंब म्हणून ही खूण मोलाची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालणारा मनुष्य पिणाऱ्यास नाव विचारीत नाही. उघड्या जाळ्याकडे पाहण्याची दृष्टी त्याच जातीची होती.

कुलूप लावण्याची इच्छा असणाऱ्यांचीही स्थिती त्या काळी फारशी बरी नव्हती. वेप या नावाने ओळखली जाणारी पहिली कूटलेखन पद्धती फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तीन गणितज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे निकामी ठरली. पुरेसा संदेशव्यवहार ऐकला की किल्ली हाती येते, असे त्यांनी दाखवून दिले. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ ही पद्धती आली. परंतु घरोघरी बसविलेले राउटर त्यांच्या मूळ मांडणीतच, म्हणजे बहुधा परवलीच्या शब्दाविना, चालत राहिले. भारतात ब्रॉडबँडचा प्रसार होऊ लागला तो याच वर्षांत. ग्राहकाच्या घरी राउटर बसवून जाणाऱ्या माणसाने परवलीचा शब्द घालून द्यावा, असा दंडक नव्हता. आणि ग्राहकासही त्याची निकड वाटण्याचे कारण नव्हते.

अशा परिस्थितीत २६ जुलै २००८ चा दिवस उजाडला. त्या दिवशी सायंकाळी अहमदाबादेत लागोपाठ बाँबस्फोट झाले. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांस एक ई-मेल पोहोचला होता. तो कोठून निघाला याचा माग काढता पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका निवासी इमारतीत, तेथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरी येऊन पोहोचले. त्याच्या घरचे वाय-फाय उघडे होते आणि बाहेरच्या कोणीतरी ते वापरले होते. हा माग येथेच का थांबला, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. राउटरच्या मागे असलेल्या सर्व यंत्रांस बाहेरच्या जगात एकच पत्ता असतो. पुण्यातील एखाद्या मोठ्या वाड्यातून निघालेल्या पत्रावर वाड्याचा पत्ता असावा, बिऱ्हाडाचा नसावा, तसाच हा प्रकार. सेवा देणाऱ्या कंपनीच्या दप्तरात त्या पत्त्यासमोर ग्राहकाचे नाव होते. वाड्यात कोण शिरून गेले, याची नोंद कोणाकडेच नव्हती.

एवढ्यावर हे थांबले नाही. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यावरून दुसरा ई-मेल निघाला. आणि १३ सप्टेंबर रोजी दिल्लीत स्फोट झाले त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खाजगी कंपनीच्या जाळ्यावरून गेल्याचे आढळले. पुढे अटक झालेल्या संशयितांनी हिंडून हिंडून उघडी जाळी शोधली होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. लंडनच्या हौशी मंडळींनी जे कौशल्य खेळ म्हणून जोपासले, तेच येथे अशा रीतीने कामी आले. नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ल्यानंतर तर या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी अधिकच कठोर झाली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी जाळी हुडकून काढण्याची आणि त्यांच्या मालकांस ती बंद करण्याविषयी बजावण्याची मोहीम जाहीर केली. उघडे जाळे ठेवणे हे आता औदार्य राहिले नाही. तो हलगर्जीपणा ठरला.

येथे अभ्यासकाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. मुंबई परिसरातील ही तिन्ही ठिकाणे, एक घर, एक महाविद्यालय आणि एक कचेरी, खाजगी होती. सार्वजनिक वाय-फाय म्हणता येईल अशी सेवा त्यांत एकही नव्हती. किंबहुना त्या वेळी देशात अशी सेवा नावापुरतीच अस्तित्वात होती. तरीही या घटनांतून जो नियम निघाला त्याचा टिकाऊ परिणाम झाला तो मुख्यतः सार्वजनिक सेवेवर.

हा नियम म्हणजे दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये इंटरनेट सेवा देणाऱ्या परवानाधारकांस दिलेली सूचना. ग्राहकांची खाजगी जाळी सुरक्षित राहतील याची जबाबदारी तिने कंपन्यांवर टाकली, ही गोष्ट वाजवीच होती. सार्वजनिक ठिकाणच्या सेवेसाठी तिने दोन पर्याय ठेवले : एक तर वापरणाऱ्याच्या छायाचित्रयुक्त ओळखपत्राची प्रत घेऊन ती वर्षभर जपून ठेवावी, अथवा त्याच्या मोबाइलवर संदेशाने प्रवेशाचा संकेत पाठवावा, मोबाइल क्रमांक हीच त्याची ओळख समजावी, आणि ती नोंद वर्षभर ठेवावी. पहिला पर्याय रेल्वेच्या फलाटावर किंवा चहाच्या दुकानात कोण अंमलात आणणार? सर्वांनी दुसरा उचलला. आजच्या ओटीपीच्या विधीचे मूळ या एका कलमात आहे.

ही कल्पना सर्वस्वी नवी मात्र नव्हती. तिची पूर्वज म्हणजे सायबर कॅफेची नोंदवही. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये आंतरजालावरील अश्लील मजकुरापासून अल्पवयीनांचे रक्षण कसे करावे याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. कॅफेत येणाऱ्यांची ओळखपत्रे पाहावीत ही शिफारस त्या समितीच्या अहवालात आढळते. पुढे एप्रिल २०११ मध्ये माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली सायबर कॅफेंसाठी देशव्यापी नियम झाले. प्रत्येक ग्राहकाची ओळख पटवावी, नोंदवही किमान वर्षभर ठेवावी, आणि संगणकांमधील आडोशांची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक असू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत ते गेले. याच्या उलट, पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओवरून दूरध्वनी करणाऱ्यास नाव विचारण्याचा सर्वसाधारण रिवाज नव्हता. म्हणजे सार्वजनिक दळणवळणाची दोन प्रतिमाने देशाच्या अनुभवात होती. २००९ मध्ये राज्यसंस्थेने वाय-फायसाठी पीसीओचे सोडून कॅफेचे निवडले. त्या वर्षाचे वातावरण पाहता ही निवड समजण्यासारखी आहे. तिची किंमत कोणास पडली, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच.

पहिली किंमत पडली ती ज्याच्याजवळ चालू असलेला भारतीय मोबाइल क्रमांक नाही त्याला. परदेशी प्रवासी विमानतळावर उतरला की त्याचा हा पहिला अडसर असे; काही विमानतळांवर पुढे पारपत्र दाखवून कूपन घेण्याची सोय झाली. देशातील गरिबाची अडचण याहून सूक्ष्म होती. सन २०१८ च्या अखेरीस खाजगी मोबाइल कंपन्यांनी सेवा चालू ठेवण्यासाठी किमान रिचार्ज आवश्यक केला, तेव्हा ज्याचे रिचार्ज संपले त्याला येणारे कॉल आणि संदेश यांचाही भरवसा उरला नाही. संदेश नाही म्हणजे संकेत नाही, आणि संकेत नाही म्हणजे मोफत वाय-फायही नाही. ज्याची जोडणी तुटली त्याच्यासाठी असलेली सोय, जोडणी चालू असणाऱ्यालाच मिळावी, असा हा विपरीत न्याय होय.

या मर्यादेतही सेवेचा विस्तार झाला, हे नमूद केले पाहिजे. बंगळूरच्या महात्मा गांधी मार्गावर जानेवारी २०१४ मध्ये सेवा सुरू झाली. मुंबई सेंट्रलनंतर रेलटेल आणि गूगल यांनी मिळून वर्षभरात शंभर आणि जून २०१८ पर्यंत चारशे स्थानके जोडली. ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ ही योजना जानेवारी २०१७ मध्ये पाचशे ठिकाणी चालू झाली. पुण्यात जानेवारी २०१८ पासून सुमारे दीडशे ठिकाणी सेवा आली. याच काळात, २०१८ मध्ये, एर्नाकुळम स्थानकावरील एका हमालाने फलाटावरच्या वाय-फायवर अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याचे वृत्त देशभर गाजले. ओझे वाहताना कानात व्याख्यान ऐकत राहावयाचे, अशी त्याची रीत होती. या योजनांच्या बाजूने सरकारी अहवालांतून जे काही लिहिले गेले असेल, त्याहून हा एक दाखला अधिक बोलका आहे. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटाचे दर कोसळले. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने आपण या कार्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले ते हेच कारण देऊन. रेलटेलने काम चालू ठेवले. मे २०२१ पर्यंत सहा हजार स्थानके जोडली गेली. मात्र त्याआधी, मार्च २०२१ मध्ये, मोफत वापर दिवसाला अर्ध्या तासापुरता ठेवून पुढील वापरासाठी दहा रुपयांपासूनच्या योजना आणल्या गेल्या.

आता दुसऱ्या सुरक्षिततेकडे वळावयाचे. परवलीच्या शब्दाविना चालणाऱ्या जाळ्यात यंत्र आणि राउटर यांच्यामधील लहरी कूटबद्ध नसतात. जवळ बसलेल्या कोणासही त्या टिपता येतात. ओटीपीने यात काहीच फरक पडत नाही. तो दारावरचा पहारेकरी आहे. आतल्या दालनातले बोलणे शेजाऱ्यास ऐकू येऊ नये, ही त्याची कामगिरी नव्हे. गूगलच्याच बाबतीत याचा एक बोलका पुरावा मिळाला. रस्त्यांची छायाचित्रे टिपीत जगभर हिंडणाऱ्या आपल्या मोटारींनी तीसहून अधिक देशांत उघड्या जाळ्यांवरील मजकुराचे तुकडेही साठविले, अशी कबुली त्या कंपनीने मे २०१० मध्ये दिली. ते चुकून घडले असे तिचे म्हणणे होते. चुकून जे इतके सहज घडते ते बुद्ध्या किती सहज घडेल, याचे उत्तर पाच महिन्यांतच आले.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर याने ‘फायरशीप’ नावाची एक छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली. त्या काळी बहुतेक संकेतस्थळे परवलीचा शब्द स्वीकारतानाच कूटलेखन वापरीत. त्यानंतर वापरणाऱ्यास एक बिल्ला मिळे, आणि तो बिल्ला प्रत्येक पानागणिक उघड्यावरून ये-जा करी. चहाच्या दुकानात बसून दुसऱ्याचा बिल्ला उचलावयाचा आणि त्याच्या नावाने त्याच्या फेसबुकावर वावरावयाचे, हे फायरशीपने एका टिचकीचे काम करून टाकले. तज्ज्ञांस ही उणीव ठाऊक होतीच. तिचा उघड तमाशा झाल्यामुळे मात्र मोठ्या कंपन्यांस हलावे लागले. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत संपूर्ण कूटलेखन स्वीकारले होते; फेसबुकने जानेवारी २०११ मध्ये ते ऐच्छिक केले आणि २०१३ पर्यंत सर्वांस लागू केले. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेने डिसेंबर २०१५ पासून संकेतस्थळांस लागणारी प्रमाणपत्रे विनामूल्य वाटण्यास आरंभ केला. जुलै २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक स्थळास ‘असुरक्षित’ असा शेरा मारू लागला. परिणामी जाळे उघडे असले तरी त्यावरून जाणारे पत्र पाकीटबंद झाले. पत्र कोणास चालले आहे हे शेजाऱ्यास अजूनही बव्हंशी कळू शकते. आत काय लिहिले आहे ते कळत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपला जुना, भीती घालणारा सल्ला बदलून सार्वजनिक वाय-फाय सामान्यतः सुरक्षित असते असे सांगण्यास सुरुवात केली, ती या स्थित्यंतरामुळेच. म्हणजे चोरटे ऐकणे हा जो जुना धोका, तो पुष्कळ अंशी मिटला. तो मिटविण्यात दूरसंचार विभागाच्या सूचनेचा काडीचाही वाटा नव्हता.

मिटला नाही तो तोतया जाळ्याचा धोका. मोबाइल उघडे जाळे ओळखतो तो केवळ त्याच्या नावावरून, आणि नाव कोणीही कोणतेही ठेवू शकतो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये एका इसमावर विमानतळांवर आणि विमान प्रवासातही अशी तोतया जाळी उभारल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यात जोडणाऱ्यास एक प्रवेशपान दाखविले जाई आणि त्यावर ई-मेलचा किंवा समाजमाध्यमाचा परवलीचा शब्द मागितला जाई. येथे दोन इतिहास एकमेकांस येऊन भिडतात. प्रवेशपान हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर वाटमारीचाच एक सभ्य प्रकार आहे. प्रवासी निघालेला असतो एका संकेतस्थळाकडे. जाळे त्याला मध्येच अडविते आणि न मागितलेले पान पुढे करते. एरवी अशा प्रकारास ब्राउझर हरकत घेतो. पण प्रवेशपानापुरती सूट द्यावी लागत असल्याने मोबाइल स्वतःच आधी एक चाचणी-विनंती पाठवून कोणी अडवीत आहे काय ते पाहतो, आणि अडवीत असल्यास ते पान उघडून दाखवितो. तोतया नेमका याच सवलतीच्या आडून येतो.

आणि यासाठी लागणारी सवय लावली कोणी? दहा वर्षांहून अधिक काळ भारतीय प्रवाशास असे शिक्षण मिळाले की अनोळखी जाळ्यावर अनोळखी पान उघडले तर निमूटपणे आपला क्रमांक द्यावा, आलेला संकेत भरावा आणि पुढे जावे. बँकेचा ओटीपी कोणास सांगू नये असे एकीकडे कानीकपाळी ओरडावयाचे, आणि दुसरीकडे फलाटावरच्या कोणत्याही पानास ओटीपी देण्याचा सराव करून घ्यावयाचा, ही विसंगती २००९ च्या मसुदाकारांच्या ध्यानी आली नसणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यापुढचा प्रश्नच वेगळा होता. परंतु एका सुरक्षिततेसाठी योजलेल्या उपायाने दुसरीस भगदाड पाडले, हे नाकारता येत नाही.

या इतिहासातून वापरणाऱ्याच्या सावधगिरीचे नियमही आपोआप निघतात, आणि ते सर्वत्र छापल्या जाणाऱ्या याद्यांहून थोडे निराळे आहेत. जाळ्याचे नाव मोबाइलच्या यादीवरून ठरवू नये. स्थानकावरील फलक किंवा तेथील कर्मचारी यांच्याकडून पडताळून घ्यावे. खऱ्या प्रवेशपानास क्रमांक आणि त्याच क्षणी आलेला संकेत यांपलीकडे सहसा काही लागत नाही. ते ई-मेलचा परवलीचा शब्द मागू लागले तर तेथून उठावे. आलेला संदेश कोणत्या कामाचा संकेत देत आहे हे वाचल्याशिवाय तो कोठेही भरू नये. प्रमाणपत्राविषयी ब्राउझरने इशारा दिला तर घाईत असतानाही पुढे जाऊ नये, कारण पाकीट कोणी फोडत असल्याची ती एकच खूण असते. काम संपल्यावर ते जाळे मोबाइलच्या स्मरणातून काढून टाकावे. अन्यथा त्याच नावाचे दुसरे कोणतेही जाळे भेटले की मोबाइल मालकास न विचारता त्यास चिकटतो. व्हीपीएन वापरणे हा आणखी एक उपाय सांगितला जातो. परंतु तेथेही जुनाच प्रश्न उभा राहिला. सर्ट-इन या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवावी असा आदेश काढला, आणि काही परदेशी कंपन्यांनी आपली भारतातील सर्व्हर यंत्रे हलविली. एका सुरक्षिततेचे साधन दुसरीस अडचणीचे वाटावे, हा प्रकार येथे पुन्हा दिसतो, आणि या खेपेस बाजू उलटलेल्या आहेत.

प्रवेशपानाची ही कोंडी फोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मार्च २०१७ च्या शिफारशींत आढळतो. त्यांना मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ‘पीएम-वाणी’ या नावाने संमती दिली. या योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावाला आपल्या जोडणीवर विनापरवाना, विनानोंदणी ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ चालवू शकतो. हे नाव पीसीओवरून मुद्दामच घेतलेले आहे. २००९ मध्ये बाजूस सारलेले प्रतिमान अकरा वर्षांनी असे परत आले. वापरणाऱ्याने आपली ओळख एकदाच, एका ॲपजवळ, पटवून द्यावयाची. पुढे कोठेही गेल्यास ते ॲप अधिकृत ठिकाणांची यादी दाखविते आणि त्याच्या वतीने स्वाक्षरी केलेला संकेत जाळ्यास देते. प्रत्येक दुकानाच्या अनोळखी पानावर क्रमांक लिहिण्याची गरज या रचनेत उरत नाही. खडूच्या खुणांचे आणि ओळखीच्या पहाऱ्याचे असे दोन्ही काम एकाच ॲपने करावे, ही तीतील खरी नवी कल्पना आहे. राज्यसंस्थेची मागणी तिने सोडलेली नाही. ती फक्त दारावरून हलवून अन्यत्र नेली आहे.

विस्ताराच्या बाबतीत मात्र ही योजना अपेक्षेच्या पुष्कळच मागे राहिली. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२४ च्या अखेरीसही पीएम-वाणीची संख्या काही लाखांपलीकडे गेलेली नव्हती. दुकानदारास व्यापारी दराची महाग जोडणी घ्यावी लागते, हे त्याचे एक कारण सांगितले जात होते. त्यावर उपाय म्हणून नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये असा आदेश काढला की दोनशे एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी सार्वजनिक डेटा कार्यालयास घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक आकार लावता येणार नाही.